वायरमनचा जबाब

शिडी धरायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या वजनामुळे. पोस्टातून निवृत्त होऊन मला आठ महिने झाले होते, घरी बसून अंग आणखी सुटलं होतं. कला विद्यालयाच्या आवारात साफसफाईला गेले त्या पहिल्याच दिवशी सुताराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शिडीला धरून उभ्या राहिलात ना, तर वादळ आलं तरी शिडी हलायची नाही." सगळे हसले, मीही हसले. पण त्यामुळे झालं असं, की पुढचे तीन महिने मी वायरमनची शिडी धरली, आणि त्यांच्याबद्दल जे सगळ्यांना नंतर कळलं ते मला थोडं आधी कळलं.

आमच्या वस्तीच्या टोकाला असलेलं ते आवार एकोणीस वर्षं बंद होतं. एके काळी तिथे चित्रकला, मातीकाम, नाच आणि व्हायोलिन शिकवायचे. फाटकातून आत गेलं की डावीकडे चित्रकलेच्या तीन खोल्या, उजवीकडे मातीकामाची शेड आणि भट्टी, मागे नाचाची खोली आणि मधोमध सभागृह. वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रंगीत तालीम चालू असताना सभागृहाच्या छताला आग लागली. मुलं बाहेर पडली, सगळीच्या सगळी. पण बाहेर मोजताना एक मुलगी कमी भरली म्हणून व्हायोलिनच्या बाई परत आत गेल्या. मुलगी आधीच मागच्या दाराने निघून नळावर पाणी पीत उभी होती. बाईंनी तिला शोधताना जळता पडदा दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला. जीव वाचला, हात गेले. म्हणजे हात राहिले, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडली, आणि त्या बोटांत व्हायोलिनचा गज पुन्हा काही धरता आला नाही.

चौकशी झाली. कागदावर कारण आलं: शॉर्टसर्किट. मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला, दोन वर्षांनी ते वारले. संस्थेने काखा वर केल्या. फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच.

गेल्या वर्षी नगरपालिकेने इमारती पाडायचं ठरवलं तेव्हा वस्तीतल्या आठ-दहा जणांनी अर्ज केला. उत्तर आलं, वर्षभरात इमारती वापरण्याजोग्या करून दाखवा, अग्निशमन खात्याचा दाखला आणा, मग आवार तुमच्या हवाली करतो. या आठ-दहा जणांत सगळ्यात पुढे होती वायरमनची लेक. आग लागली तेव्हा ती सतराची होती, मातीकाम शिकत होती. विद्यालय बंद झालं आणि तिचं शिकणंही तिथेच संपलं. पुढे ती छापखान्यात कामाला लागली, लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली तशी दोन गावं फिरून परत आमच्याच वस्तीत आली. बोलायला तिखट, कामाला वाघ.

वायरमन माझ्या समोरच्याच दाराला राहतात. जिन्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते आणि त्यांची बायको. एकसष्ट वर्षांचे, किरकोळ अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण ते मला जरा विक्षिप्तच वाटायचे. घरात एका सॉकेटला दुसरी पिन लावू देणार नाहीत. बाहेर जाताना सगळ्या पिना उपटून जातील, खाली उतरलेले परत वर येतील, पुन्हा बघतील. त्यांची बायको म्हणायची, "लेकीचं लग्न झालं, पण दाराला दिव्यांची एक माळ लावू दिली नाही हो या माणसाने. वायरमनच्या घरचं लग्न आणि अंधार." आम्ही सगळे यावर हसत असू.

लेकीने त्यांना आवाराच्या वायरिंगचं विचारलं तेव्हा मी तिथेच बसले होते.

"माझे गुडघे आता शिडीवर चालत नाहीत," ते म्हणाले.

"काल तर वरच्या मजल्यावरच्यांचा पंखा लावून आलात."

"तो स्टुलावर चढून लावला."

"बाबा, फुकट काम आहे म्हणून नको म्हणताय का?"

ते उठले. चहाचा कप तसाच ठेवून आत गेले. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंत? दुसऱ्यांच्या घरी चार वेळा जातील. इथे आपली माणसं खपताहेत तर यांचे गुडघे दुखतात."

मग तिने दुसरा एक वायरमन शोधून आणला. उत्साही होता, पण घाईत. तो म्हणाला, सभागृहातली अर्धी लाइन चांगली आहे, तिलाच नवीन जोडून घेऊ, आठ दिवसांत काम संपवतो. लेकीने घरी येऊन कौतुकाने हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वायरमन पिशवी घेऊन फाटकाशी उभे. मी झाडू घेऊन पोचले तर म्हणाले, "ताई, त्या जुन्या लाइनीला कोणी हात लावायचा नाही. सगळी उपसून काढायची. पोरीला सांगा, मी करतो."

अशी आमची जोडी जमली.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं, आणि बघताना जीव मेटाकुटीला येण्यासारखंही. दुसऱ्या कोणी दिवसात केलं असतं ते ते तीन दिवस करायचे. जुन्या लाकडी पट्ट्या उचकटून त्यांतल्या वायरी ओढून काढायच्या, पट्टीमागची वाळवी खरवडायची, भिंतीत नवीन पाइप बसवायचा. एक जोड मारला की हाताने ओढून बघायचे, टेप गुंडाळायचे, पुन्हा ओढून बघायचे. छताजवळ पारव्यांची घरटी होती, ती हलवायची नाहीत म्हणून चित्रकलेच्या खोलीतली लाइन त्यांनी वळसा घालून नेली. मी खालून ओरडायचे, "अहो, माझ्या पायाला मुंग्या आल्या!" वरून उत्तर यायचं, "पाय बदला ताई, हात नका सोडू."

बाकी आवारात वीस-पंचवीस माणसं राबत होती. सुतार खिडक्यांच्या चौकटी बसवत होता, शिंपीण नाचाच्या खोलीतले आरसे चुन्याने घासत होती, बेकरीवाला रविवारी येऊन गच्चीच्या भेगा बुजवायचा. या सगळ्यांची हजेरी मांडायला व्हरांड्यात टेबल टाकून व्हायोलिनच्या बाई बसायच्या. अंगठा आणि तळहात यांच्या बेचक्यात पेन धरून लिहायच्या. अक्षर मोठं, पण सरळ. उशीर झाला तर वेळ तशीच लिहायच्या, मग समोर कोणी का असेना. कपडे स्वच्छ, पण कायम चुरगळलेले. मला वाटायचं, हातांमुळे इस्त्री जमत नसेल.

वायरमन सही करायला टेबलाशी जायचे तेव्हा बाईंकडे कधीच बघायचे नाहीत. वहीवर वाकायचे, सही करायचे आणि निघायचे. बाई एकदा म्हणाल्यादेखील, "हे गृहस्थ माझ्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, "ते सगळ्यांशीच असे वागतात." खरं तर ते बाकी कोणाशी असे वागत नव्हते.

दुसऱ्या महिन्यात आम्ही सभागृहामागची मेन बोर्डाची खोली उघडली. आग तिथवर पोचली नव्हती. कोळ्यांची जाळी, उंदरांच्या लेंड्या, भिंतीवर लोखंडी पेटी, आणि तिच्यात ओळीने बसवलेले चिनी मातीचे फ्यूज. फ्यूजमध्ये एक बारीक तार असते. वायरीवर झेपणार नाही एवढा भार आला की ती तार आधी वितळते आणि वीज तुटते, म्हणून घरं वाचतात. एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी बॅटरी धरून उभी होते. वायरमन एकेक फ्यूज ओढून काढत होते, बघत होते आणि खाली ठेवत होते. पाचवा काढला आणि थांबले. बराच वेळ हातात धरून राहिले. मग तो खाली न ठेवता त्यांनी खिशात टाकला.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"काही नाही. जुना फ्यूज."

त्या दिवशी चहासुद्धा न घेता ते घरी गेले.

दोन दिवसांनी सभागृहात काम चालू होतं. तेव्हा दुपारी सगळे जेवायला गेलेले, आम्ही दोघंच. शिडीवरून, माझ्याकडे पाठ करून ते बोलायला लागले.

"ताई, त्या कार्यक्रमाचं वायरिंग मी केलं होतं."

मी वर बघितलं. दिसत होत्या फक्त त्यांच्या चपला आणि पँटच्या खालच्या कडा.

"स्टेजसाठी आठ मोठे दिवे भाड्याने आणले होते. पंख्यांच्या लाइनीवर तेवढा भार झेपणार नाही हे मला माहीत होतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, एक दिवस द्या, मेनवरून वेगळी केबल ओढून देतो. ते म्हणाले, दिवस कुठून आणू, आज तालीम आहे, दोन तासांचा तर प्रश्न आहे. मग मी पंख्यांच्याच लाइनीवरून दिले."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "मग यात तुमचा काय दोष? वरून सांगितलं, तुम्ही केलं. ते गेले, विषय संपला. इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत तुम्ही."

ते "हं" म्हणाले आणि काम करत राहिले. पण त्या "हं"ने माझं समाधान झालं नाही.

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी मेन बोर्डाच्या खोलीत शिडीवर चढण्याआधीच थांबले, खिशातून तो फ्यूज काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ताई, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. हे बघा."

चिनी मातीच्या त्या ठोकळ्यात बारीक तार नव्हती. तांब्याची जाड तार होती, तीन पदरी, पिळून घट्ट बसवलेली. हिरवी पडलेली, पण धड.

"दिवे लावले आणि फ्यूज उडाला. मी तार घातली, पुन्हा उडाला. मुलं स्टेजवर कपडे करून उभी होती. पालक खुर्च्यांवर चुळबुळ करत होते. मुख्याध्यापक तिथे नव्हतेच, त्यांनी मला काही सांगितलं नाही. मी इथे या खोलीत एकटा होतो. पुन्हापुन्हा उडतोय म्हणजे वायरमनला काही येत नाही असं लोक म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खिशात तांब्याची तार होती. तिचे तीन पदर केले आणि घातली. मग दिवे छान लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मग म्हणाले, "ही तार जळायला हवी होती, ताई. ही नाही जळली. छत जळलं."

मी विचारलं, "चौकशीवाल्यांनी काही विचारलं नाही?"

"विचारलं. वायरिंग जुनं होतं का? मी म्हटलं, हो. ते खोटं नव्हतं. ते छत बघून गेले, इकडे मागे कोणी आलंच नाही. मग कागदावर लिहिलं, शॉर्टसर्किट. वायरी काय आपण होऊन एकमेकींच्या अंगावर जातात का? पण त्या शब्दात कोणाचंच नाव येत नाही. मला तो शब्द बरा वाटला. त्याच्या आड बसलो एकोणीस वर्षं."

"घरी माहीत आहे?"

"नाही. आधी बाईंना सांगायचं. मग घरी. तुम्ही येता का बरोबर?"

"मी येऊन काय करू?"

"उभ्या राहा नुसत्या. तुम्हाला सवय आहे."

आम्ही व्हरांड्यात गेलो. बाई हजेरीच्या रेघा मारत होत्या. वायरमनने फ्यूज वहीवर ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याच शब्दांत, एकही शब्द मऊ न करता. मुख्याध्यापकांचं नाव त्यांनी फक्त एकदा घेतलं, तेही ते तिथे नव्हते हे सांगायला.

बाई ऐकत होत्या. त्या रागावतील, रडतील असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"कपडे बदलायच्या खोलीतली लाइन याच्यावर होती का?"

वायरमन गोंधळले. "नाही बाई. ती खोली वेगळ्या फ्यूजवर. ती लाइन अजून शाबूत आहे, मी मागच्याच आठवड्यात तपासली."

"नक्की?"

"नक्की. का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या खोलीत मी मुलींच्या झालरींना इस्त्री करत होते. मला कोणीतरी हाक मारली म्हणून बाहेर आले. इस्त्री बंद केली की नाही ते मला आठवत नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हापासून तेच आठवायचा प्रयत्न करत होते. कोणीतरी म्हणालं, शॉर्टसर्किट झालं. मला वाटलं, झालं. माझ्या इस्त्रीनेच झालं."

मागे सुताराचा रंधा चालू होता.

"इस्त्री चालू राहिली असती तरी?" बाईंनी विचारलं.

"तरी काही झालं नसतं. फार तर एखादा कपडा जळला असता." वायरमन एक पाऊल पुढे आले. "बाई, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही स्वतःला... मला खरंच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असेल? तुम्ही कधी आलातच नाही."

"दवाखान्याच्या दारापर्यंत आलो होतो."

"दारापर्यंत," बाई म्हणाल्या. मग खुर्ची मागे सरकवून उठल्या, "आजची हजेरी तुम्ही पूर्ण करा, ताई," असं मला सांगून फाटकाबाहेर पडल्या. चालत गेल्या, मागे न बघता. अकरा दिवस त्या आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वायरमनने घरी सांगितलं. त्यांच्या बायकोचं मला नवल वाटलं. ती फक्त "तरीच" म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. लेक मात्र उभीच होती. "मी सतरा वर्षांची होते, बाबा. रोज विचारायचे तुम्हाला, विद्यालय परत कधी उघडणार. तुम्ही म्हणायचात, बघू." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "काम अर्धवट सोडू नका. पण माझ्याशी काही दिवस बोलू नका."

गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती, आणि वायरमनना ती लपवायचीही नव्हती. चार दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झाली. कोणी त्यांच्या जवळून जाताना गप्प व्हायचं, कोणी मुद्दाम जास्त गोड बोलायचं. दोन्ही सारखंच टोचत असावं. ते साडेसातला यायचे, वहीत सही करायचे आणि शिडीवर चढायचे. मी शिडी धरायचे. का धरतेस, असं मला शिंपिणीने विचारलं. मी म्हटलं, "माणूस वर असताना सोडता येत नाही." याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

शेवटी चित्रकलेच्या मोठ्या खोलीत बैठक बोलावली. सगळे बाकांवर आणि उलट्या ठेवलेल्या बादल्यांवर बसले. लेक म्हणाली, "या विषयात मी मत देणार नाही, ते माझे वडील आहेत," आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. सुतार उठला. त्याचं वायरमनशी काही वाकडं नव्हतं, दोघं एका डब्यात जेवायचे. पण तो म्हणाला, "माझी नात इथे शिकायला येणार आहे. मी रोज तिला या छताखाली सोडून जाणार. उद्या कोणी मला विचारलं, लाइन कोणी ओढली, तर मी काय सांगू? मला वाईट वाटतं, पण दुसरा माणूस बघावा." बऱ्याच माना हलल्या. वायरमनही दाराशी उभे होते. त्यांनीही मान हलवली.

तेवढ्यात बाई आल्या. किती वेळ बाहेर उभ्या होत्या कोण जाणे. बसायला जागा दिली तर बसल्या नाहीत.

"काम यांच्याकडूनच करून घ्या," त्या म्हणाल्या. "मी अकरा दिवस विचार केलाय, म्हणून बोलते. यांच्याहून हुशारीने वायर जोडणारा माणूस मिळेल. पण इतका घाबरून जोडणारा मिळणार नाही. वर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, तेही ठीक. पण लाइन यांनीच ओढावी."

सुतार म्हणाला, "बाई, तुमचं मन मोठं."

"माझं मन मोठं नाही," बाई फटकन म्हणाल्या. "मी माफ केलेलं नाही आणि कोणी मला ते करायला सांगू नये. हातांचं मी कधीच सोडून दिलं होतं. पण मी एकोणीस वर्षं दुसऱ्याचं ओझं माझं म्हणून वाहिलं, ते यांनी एक दिवस येऊन उतरवायचं होतं." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलंत. जिथे सांगायला हवं होतं तिथे कधी सांगणार?"

वायरमन म्हणाले, "उद्या."

जबाब लिहायला ते माझ्याकडे आले. पोस्टात चौतीस वर्षं काढलेली, अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी मजकूर जरा सफाईदार केला. एका ठिकाणी 'परिस्थितीच्या रेट्यामुळे' असं घातलं. त्यांनी त्यावर काट मारली. 'नकळत' असं घातलं, त्यावरही मारली. शेवटी उरलं ते दीड पान, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू होत होतं.

नगरपालिकेच्या कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. "एकोणीस वर्षांपूर्वीचं? ती फाइल कधीच नष्ट केली असेल. आता हे घेऊन आम्ही काय करू?"

"ठेवा," वायरमन म्हणाले.

"कशात ठेवू? फाइलच नाही म्हटलं ना."

"नवीन उघडा. आणि मला पोच द्या."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याला विचारायचं असावं. मी मान हलवली. त्याने शिक्का मारला. महिन्याभराने उत्तर आलं, की प्रकरण जुनं असून कोणतीही कारवाई प्रस्तावित नाही. वायरमनने ते वाचून घडी घातली. त्यांना शिक्षा हवी होती की सुटका, हे मला आजही सांगता येत नाही. शिक्षा झालीच नाही असंही नाही. वस्तीतली निम्मी घरं त्यांना कामाला बोलवेनाशी झाली. त्यांनी त्याबद्दल ब्र काढला नाही.

अग्निशमन खात्याचा अधिकारी तपासायला आला तेव्हा त्याने सभागृहात चार ठिकाणी बोर्ड उघडून बघितले. नाचाच्या खोलीत बघितलं. मेन बोर्डाच्या खोलीत तर अर्धा तास होता. बाहेर येऊन विचारलं, "हे कोणी केलं?" वायरमन पुढे झाले आणि पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. दाखला पंधरा दिवसांनी आला.

विद्यालय उघडलं ते काही गाजावाजा करून नाही. एका सोमवारी चित्रकलेला अकरा मुलं आली, व्हायोलिनला सहा. बाई वाजवून दाखवू शकत नाहीत. त्या सूर गाऊन दाखवतात, मुलाच्या कोपराखाली मनगट घालून हात योग्य उंचीवर आणतात आणि सूर चुकला की डोळे मिटून घेतात. मुलांना एवढं पुरतं. पहिला महिनाभर वायरमन शिकवणीच्या वेळात मेन बोर्डाच्या खोलीत स्टूल टाकून नुसते बसायचे. आता आठवड्यातून दोनदा येऊन बघून जातात. बाई आणि ते एकमेकांशी कामापुरतं बोलतात. "नाचाच्या खोलीतला तिसरा दिवा लुकलुकतोय." "बघतो." एवढंच. पण सही करताना ते आता बाईंकडे बघतात, आणि बाई त्यांची वेळ इतरांसारखीच, मिनिटासकट लिहितात.

लेकीने सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिने मातीकामाच्या वर्गात नाव घातलं, छत्तिसाव्या वर्षी, कॉलेजातल्या पोरींच्या शेजारी. छापखान्यातून सुटली की थेट शेडमध्ये यायची. वायरमन त्या वेळी आवारात असले तरी शेडकडे फिरकत नसत. एकदा मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "तिने हाक मारली तर जाईन. आपण होऊन कसा जाऊ?"

असं जवळजवळ सहा आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी वर्ग सुटला, बाकीच्या पोरी गेल्या, मी व्हरांड्यात वह्या आवरत होते आणि वायरमन फाटकापाशी सायकलला पिशवी अडकवत होते. शेडच्या दारातून लेक बाहेर आली. कोपरापर्यंत माती, कपाळावरही एक फराटा.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या पर्समधून किल्ली काढा ना. माझे हात भरलेत."

ते सायकल तशीच सोडून गेले. सायकल आडवी झाली, त्यांच्या लक्षात आलं नाही. पर्स उघडून त्यांनी किल्ली शोधली, शेडला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून बघितलं.

"लागलं हो, बाबा," लेक म्हणाली. "चला आता. आई वाट बघत असेल."